वाळ्याच्या माठातली मंडळी

झाशीच्या उन्हाळ्याशी आजवर कोणी समोरासमोर भांडण केलं असेल तर ते आमच्या मोठ्या वन्संनी. आम्ही बाकीचे सगळे त्याला भिऊन राहतो. चैत्र संपला की दारं-खिडक्या लावून घेतो, बाहेर जाणाऱ्याच्या खिशात कांदा घालतो, पन्हं पितो, आणि दुपारी बारा ते पाच जगात कोणी नाहीच असं समजून अंधारात पडून राहतो. वन्सं तशा नव्हत्या. त्या भर दुपारी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत आणि भिंतीवरच्या थर्मामीटरकडे, कामावर उशिरा आलेल्या शिपायाकडे बघावं तशा बघत. "चव्वेचाळीस," त्या म्हणत. "बघू या किती चढतो ते." आणि हे सगळं कशासाठी, तर बोटाच्या दोन पेरांएवढ्या बारा माशांसाठी.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. सगळा मोहल्ला त्यांना जिज्जी म्हणायचा, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलंच तर म्हणत, "लाइन बिझी होती." टेलिफोन एक्स्चेंजात त्यांनी सगळी नोकरी काढली, आणि त्या नोकरीची एक सवय त्यांच्या हाडात बसली होती. जुन्या ट्रंककॉलला तीन मिनिटं मिळायची. तीन झाली की मध्येच ऑपरेटरचा आवाज यायचा. वन्संनी हा हिशेब निवृत्त झाल्यावरही सोडला नाही. पाहुणे बसलेले असोत, भाजीवाली दारात तक्रार सांगत असो, की यांचं ऑफिसातल्या साहेबांवरचं व्याख्यान चाललेलं असो, वन्सं शांतपणे म्हणत, "तीन मिनट हो गए. और बढ़ाना है?" बहुतेक लोक वाढवत नसत. मला मात्र त्यांनी हे एकदा सोडून कधी ऐकवलं नाही, कारण माझं बोलणं तीन मिनिटं कधी चाललंच नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी कमी बोलणारी. शिक्षण चौथीपर्यंतचं, माहेर टहरौलीकडच्या खेड्यातलं. शहरातल्या माणसांसमोर शब्द घशातच राहायचे.

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनी त्यांना मासे ठेवायची काचेची मोठी पेटी भेट दिली. आधी घड्याळ द्यायचं ठरलं होतं म्हणे, पण वन्संना वेळ कळायला घड्याळ लागत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पेटी दोन महिने रिकामी पडून होती. त्यात कांदे-बटाटे छान राहतील असं मला रोज वाटायचं, पण बोलायचा धीर झाला नाही. मग एका थंडीत आम्ही दोघी सदर बाजारात गेलो. तिथल्या रंगीत माशांच्या दुकानात कोपऱ्यातल्या बरणीत हे बारा जण होते. अंग पितळी-रुपेरी, शेपटीत लाल ठिणगी, आणि डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक चमकती रेघ, जशी साडीच्या काठात जर. दुकानदाराने ते मागवलेच नव्हते, दुसऱ्या मालाबरोबर चुकून आले होते.

"ये मत लो जिज्जी," तो म्हणाला. "ठंडे पानी की है, पहाड़ी नालों की. सर्दी-सर्दी का शौक है. झाँसी का जेठ नहीं काटेगी."

जेठ म्हणजे आमच्याकडचा ज्येष्ठ महिना. वन्संनी त्याच्याकडे तीन मिनिटांपैकी बरीचशी नुसतं बघण्यात घालवली आणि विचारलं, "कितनी हैं?"

"बारह."

"बारहों दे दो. आषाढ लगते ही आकर बताऊँगी."

घरी येताना रिक्षात मांडीवर पाण्याची पिशवी धरून त्या मला म्हणाल्या, "आपले लोक दोनशे वर्षांपूर्वी कोकणातून इथे आले, तेव्हाही असाच कोणीतरी दुकानदार म्हणाला असेल, ये लोग जेठ नहीं काटेंगे. काढला की नाही?" मी मान हलवली. "मग?" त्या म्हणाल्या. त्या 'मग'ला पुढच्या उन्हाळ्याकडेही उत्तर असणार नाही असा त्यांचा चेहरा होता.

त्या दिवसापासून आमच्या घरात 'मंडळी' आली. मासे हा शब्द वन्संनी कधी वापरला नाही. एक तर आमचं घर सोवळ्याचं. आणि दुसरं, त्या म्हणत, की ही जात एकट्याने जगणारीच नाही, मग एकेकट्याचं नाव कशाला? उजवीकडे वळली तर सगळी वळणार, वर आली तर सगळी वर. चुकून एखादा मागे राहिला तर वेड लागल्यासारखा धावत जाऊन घोळक्यात शिरणार. "दहा तरी पाहिजेत," वन्सं सांगत. "दहाच्या खाली गेले की यांचं मन लागत नाही. खाणं सोडतात, कोपऱ्यात जाऊन उभे राहतात." साऱ्या मोहल्ल्याशी हिंदीत आणि बुंदेलीत बोलणाऱ्या वन्सं पेटीपाशी गेल्या की शुद्ध मराठीत बोलत. "मंडळी, उठलात का? जेवणार का?" जेवायलाही तीन मिनिटंच मिळायची. तेवढ्यात खाऊन झालं नाही तर उरलेलं त्या चिमट्याने बाहेर काढत. आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच पाणी कधी नासलं नाही.

पाण्याचं तर त्यांनी एक पंचांगच केलं होतं. नळाच्या पाण्यातलं औषध माशांना बाधतं, म्हणून पाणी दोन दिवस उघडं ठेवून मगच पेटीत घालायचं. न्हाणीघरात ओळीने बादल्या मांडल्या गेल्या आणि प्रत्येकीच्या कडीला वाराची चिठ्ठी बांधली गेली. एका मंगळवारी यांना ऑफिसला उशीर होत होता. नळ गेलेला. हे आत गेले आणि हाताशी लागली ती बादली अंगावर घेऊन बाहेर आले. वन्सं दारातच उभ्या.

"तू गुरुवारानं आंघोळ केलीस," त्या म्हणाल्या.

"ताई, पाणी तर पाणीच असतं ना."

"मग तू नाल्यात जाऊन कर. आता गुरुवारी मंडळींनी काय करायचं, कोरडं राहायचं?"

त्यानंतर हे घरात शिरायच्या आधी आज कोणता वार ते मला विचारत.

मंडळींना जिवंत खाणं लागतं असं कळल्यावर वन्संनी मोहल्ल्यातले कूलर आपल्या ताब्यात घेतले. कूलरच्या टाकीत साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. वन्सं सकाळी चहाची गाळणी आणि काचेची बरणी घेऊन निघत, दार वाजवत आणि म्हणत, "कूलर खोलो." सुरुवातीला लोक दचकले. मग लक्षात आलं की जिज्जी येऊन गेल्या की घरातले डास कमी होतात, आणि बायका आमच्याकडेही या, खूप किडे झालेत म्हणून गच्चीवरून हाका मारायला लागल्या, "जिज्जी, हमाये इतै सोऊ देख लो, मुलकन कीरा परे हैं." वन्सं पंगतीचं आमंत्रण आल्यासारख्या प्रसन्न होत. मी मागे बरणी धरून उभी, पदर कपाळापर्यंत ओढून, कोणी ओळखू नये म्हणून. कोणी ओळखत नसे, कारण मला कोणी ओळखतच नव्हतं.

एक काम मात्र त्यांनी पहिल्यापासून माझ्यावर सोपवलं. दिवसातून तीनदा पेटीच्या पाण्याचं तापमान वहीत लिहायचं. मी म्हटलं, वन्सं, मला कुठे येतंय, मी चौथी. त्या म्हणाल्या, "आकडे चौथीपर्यंतच असतात. पुढे नुसती अक्षरं येतात." मग मी लिहायला लागले. आधी नुसते आकडे, मग आकड्यांशेजारी एखादा शब्द, मग वाक्य. हे सगळंही मी त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर लिहिते आहे.

फाल्गुन सरता सरता मंडळींतले नर एकमेकांसमोर पंख ताणून उभे राहायला लागले. सगळं अंग थरथरतंय, रंग पेटलेत, दंड थोपटताहेत, पण कोणी कोणाला हात लावत नाही. "अगदी आपल्या गणपतीच्या मीटिंगसारखं," वन्सं म्हणाल्या. पण तो लग्नाचा हंगाम होता हे त्यांनी ओळखलं. यांना अंडी घालायला बारीक मुळ्यांचं जाळं लागतं. वन्संनी मानिक चौकातून वाळा आणला, आपण पिण्याच्या पाण्यात सुगंधासाठी टाकतो तोच, त्याची जुडी बांधली आणि पेटीत बुडवली. दोन-तीन दिवस मंडळी त्या जुडीत घुसत-निघत होती. मग वन्संनी जुडी अलगद उचलून एका नव्या माठात ठेवली, कारण ही मंडळी स्वतःची अंडी खातात.

"आई-बापच खातात?" मला फार वाईट वाटलं.

"समोर दिसलं की खातात. मनाने वाईट नाहीत गं. फक्त समोर ठेवायचं नाही."

काचेची पेटी सोडून माठ का, तर काच तापते आणि माठ पाझरतो. "माठाला आपल्यासारखा घाम येतो," वन्सं म्हणत. "ज्याला घाम येतो तो जेठ काढतो." माठाला ओलं पांढरं फडकं गुंडाळलं, वर मातीची झाकणी, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत घडवंचीवर, पिण्याच्या माठांच्या शेजारी, त्याला जागा मिळाली. तीन दिवसांनी वन्संनी मला हाक मारली. खिडकीतल्या उन्हाचा कवडसा हातातल्या आरशाने माठात पाडला. आधी काही दिसेना. मग दिसलं. पापणीच्या केसाएवढी, काळ्या टिंबांच्या डोळ्यांची पिल्लं, माठाच्या भिंतीला चिकटून बसलेली. मी मोजायला लागले आणि साठाच्या पुढे चुकले. वन्सं हळू आवाजात म्हणाल्या, "आता मोठी बारा गेली तरी मंडळी राहतील. हा माठ जेठातून बाहेर काढायचा. बाकी काही नाही झालं तरी चालेल."

आणि तोच माठ मी दान करून टाकला.

झालं असं, की अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितरांच्या नावाने उदककुंभ देतात. नवा माठ धुऊन भिजवून ठेवायचा, पाणी भरायचं, त्यात वाळा घालायचा, झाकण ठेवायचं, आणि पूजा करून गुरुजींना द्यायचा. त्या वर्षी तो वन्संच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावाने द्यायचा होता. आदल्या दिवशी मी माठ तयार केला आणि दरवर्षीच्या जागी, खिडकीकडच्या टोकाला ठेवला. पहाटे वन्सं उठल्या. खिडकीकडे वारा बरा लागतो म्हणून त्यांनी मंडळींचा माठ तिथे सरकवला आणि उदककुंभ दुसऱ्या टोकाला नेला. मग त्या बरणी घेऊन कूलर बघायला गेल्या. सांगितलं कोणालाच नाही. वाळा दोन्हीत, फडकं दोन्हीला, झाकणी दोन्हीवर. मी खिडकीकडचा माठ उचलला, कुंकवाची बोटं ओढली, गळ्याला सूत बांधलं, वर आंबा ठेवला. यांनी संकल्प सोडला. गुरुजी माठ घेऊन रिक्षात बसून गेले.

वन्सं परत आल्या, आत गेल्या, आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मग दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, "खिडकीपाशी होता तो माठ कुठे आहे?"

मी नुसतं गल्लीकडे बोट दाखवलं. त्या रागावतील, ओरडतील, असं वाटलं होतं. त्यांनी पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, "आरसा घे."

गुरुजींचं घर चार गल्ल्या पलीकडे. तेही आमच्यासारखेच, पिढ्यान्‌पिढ्या इथले. त्यांच्या आतल्या खोलीत गेलो आणि उंबऱ्यातच थांबलो. अक्षय तृतीयेचा दिवस, सगळ्या यजमानांकडून दान आलेलं. भिंतीला ओळीने नऊ माठ. नवांना सूत, नवांना कुंकू, नवांत वाळा.

"काय झालं जिज्जी?" गुरुजींनी विचारलं. ते नुकतेच जेवून बसले होते.

"एका माठात मंडळी आहेत," वन्सं म्हणाल्या.

गुरुजींना सगळं समजावून सांगायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागला आणि वन्संनी तो दिला. मी दाराच्या फटीतून येणारं ऊन आरशात धरलं, वन्सं एकेका माठात वाकून बघत गेल्या. पहिला, दुसरा, तिसरा. गुरुजींचा चेहरा उतरत गेला. ते म्हणाले, "जिज्जी, जेवताना मी एकातलं पाणी प्यायलो. गार होतं. वाळाही छान लागत होता."

"कोणत्या?"

"आता कसं सांगू? सगळे सारखेच."

सहाव्या माठात त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मग हाताने मला जवळ बोलावलं. आरशाच्या उजेडात ते सगळे होते, घोळक्याने. माठ मात्र काठापासून चार बोटं कमी होता. वन्संनी तो पाहिला, गुरुजींकडे पाहिलं आणि ठाम आवाजात म्हणाल्या, "तुम्ही प्यायलात तो हा नव्हे. हा भरलेला आहे." गुरुजींनी डोळे मिटून हात जोडले.

घरी परतताना मी विचारलं, "वन्सं, खरंच तो नव्हता?"

"बहुतेक तोच होता."

"मग?"

"मग काय? तीन मिनट हो गए."

पण त्याआधी खरी अडचण तिथेच, गुरुजींच्या खोलीत झाली. गुरुजी मोठ्या मनाने म्हणाले, "न्या जिज्जी, माठ घरी न्या. त्याच्या बदल्यात साधा माठ द्या, झालं." आणि वन्सं म्हणाल्या, नाही. संकल्प सोडून वडिलांच्या नावाने दिलेलं परत घ्यायचं नाही. सूर्याशी भांडणाऱ्या या बाईने शास्त्राशी भांडायला साफ नकार दिला. "माठ तुमचा," त्या म्हणाल्या. "मंडळीही तुमची. फक्त सांभाळायला मी येईन. सकाळ-दुपार-संध्याकाळ." गुरुजी म्हणाले, "अहो, भर दुपारी?" वन्सं म्हणाल्या, "दुपारीच तर बघावं लागतं."

त्या खोलीची एक बाजू विहिरीला लागून होती आणि जमीन गल्लीहून दोन पायऱ्या खाली. तिथलं तापमान मी लिहिलं, पंचवीस. आमच्या घरचं होतं अठ्ठावीस. वन्संनी ते दोन आकडे एकमेकांशेजारी पाहिले आणि वही मिटली.

मग जेठ लागला. आमच्या घरी मोठ्या बारांसाठी लढाई सुरू झाली. पेटीभोवती ओलं गोणपाट, वर पंखा, आणि फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या. दोन तासांनी एक बाटली पेटीत सोडायची, एकदम जास्त नाही, कारण अचानक गारठाही यांना मारतो. पाहुण्याने सरबतात बर्फ मागितला तर वन्सं म्हणत, "बर्फ मंडळींचा आहे." रोज त्या तीनदा गुरुजींकडे जात, केळीची साल कुजवून केलेल्या पाण्याची बाटली घेऊन. त्यात डोळ्याला न दिसणारे जीव होतात आणि पिल्लं तेवढंच खाऊ शकतात. आठव्या दिवशी दुपारी त्या परत आल्या त्या भिंत धरून. लू लागली होती. ताप, उलट्या, डोळे लाल. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस उंबरठा ओलांडायचा नाही.

त्याच आठवड्यात मोहल्ल्याचा ट्रान्सफॉर्मर जळला. पंखा बंद, फ्रिज बंद. यांनी बिजौलीकडच्या एका कारखान्यातून सायकलवर बर्फाची लादी आणली, ती घरी येईपर्यंत विटेएवढी राहिली. पेटीचं पाणी बत्तीसवर गेलं. मंडळी पाण्याच्या वरच्या थराशी तोंडं उघडी ठेवून उभी होती. पहिल्या दिवशी चार गेले. दुसऱ्या दिवशी पाच. तिघे उरले आणि ते तीन कोपऱ्यांत तिघे उभे राहिले. मी ते वहीत लिहिलं आणि वन्संना वाचून दाखवलं. खोटं सांगायचं मनात आलं होतं. पण ती वही त्यांनी मला खोटं लिहायला दिली नव्हती.

त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "किती वाजले?"

"बारा."

"गुरुजींकडे कोण गेलं?"

त्या आजारी पडल्यापासून कोणी गेलं नव्हतं. मी आजवर एकटी त्या गल्लीत गेले नव्हते. परक्याच्या घरात जाऊन, दार वाजवून, आपण होऊन बोलायचं म्हणजे मला मरणाहून कठीण. वन्सं म्हणाल्या, "नको जाऊस. तुला नाही जमायचं." तो टोमणा होता की माया, मला अजून कळलेलं नाही. मी ओला टॉवेल डोक्याला गुंडाळला, केळीच्या पाण्याची बाटली घेतली आणि निघाले. गल्लीत कुत्रं नव्हतं. गुरुजींनी दार उघडलं आणि काय हवं म्हणून बघत राहिले. मी म्हटलं, "माठ उघडायचा आहे." वन्संसारखंच म्हटलं, हे माझं मलाच नंतर लक्षात आलं.

पंधरा दिवसांचे पुढे वीस झाले. रोज तीनदा मी गेले. माठाचं फडकं ओलं करायचं, वाटीभर पाणी काढून वाटीभर शिळं पाणी घालायचं, तापमान लिहायचं. आधी गुरुजी नुसते बघत. मग विचारायला लागले, "आज किती?" मग मी यायच्या आधीच फडकं ओलं झालेलं असायचं. एकदा त्यांचं पंचांग उघडं पडलेलं दिसलं. समासात तिथीशेजारी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सव्वीस, सर्व स्वस्थ.' पिल्लं रोज वाढत होती आणि रोज थोडी कमीही होत होती. साठाची पन्नास झाली, पन्नासाची चाळीस. पण त्यांच्या अंगावर ती रेघ उमटली, निळी, दिव्यासारखी. जेठ संपला त्या दिवशी मी माठात आरसा धरून मोजली आणि घरी येऊन सांगितलं, "एकतीस."

वन्सं उठून बसल्या. "गुरुजींच्या घरी एकतीस," त्या म्हणाल्या. "आपल्या घरी तीन." दान दिलेलं होतं. त्यांनी एकदाही मागितलं नाही. ते तिघेही श्रावणापर्यंत गेले. रिकामी पेटी पुन्हा कोपऱ्यात राहिली, आणि या वेळी मला तिच्यात कांदे दिसले नाहीत.

भाऊबीजेच्या दिवशी संध्याकाळी गुरुजी दारात उभे. हातात माठ. म्हणाले, "जिज्जी, मला बहीण नाही. ओवाळता का?" वन्संनी पाट मांडला, तबक आणलं, त्यांना ओवाळलं. गुरुजींनी माठ उचलून त्यांच्यासमोर ठेवला. "दान परत घेता येत नाही," ते म्हणाले. "पण ओवाळणी नाकारता येत नाही. शास्त्र पाहून आलोय." वन्संनी झाकणी उचलून आत पाहिलं. त्यांना बोलायला तीन मिनिटं लागली असतील, आणि कोणीही घाई केली नाही. मग त्या म्हणाल्या, "पाणी किती आहे?" गुरुजी म्हणाले, "बावीस."

दुसऱ्या दिवशी त्या बरणीत दहा जण घालून सदर बाजारात गेल्या. मीही होते. दुकानदाराने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "उशीर झाला," वन्सं त्याला मराठीतच म्हणाल्या. मग हिंदीत, "आषाढ का बोला था. पर जेठ कट गया." तो म्हणाला, "जिज्जी, अब ये पहाड़ की नहीं रहीं. झाँसी की हो गईं." वन्सं बाजारभर हसत होत्या. बरणी त्यांनी तिथेच ठेवली. पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर मंडळींनी सहा जेठ काढले. आता पिल्लांचा माठ दरवर्षी उन्हाळ्यापुरता गुरुजींच्या खोलीत राहायचा आणि भाऊबीजेला घरी यायचा. गेल्या पौषात वन्सं गेल्या. थंडीत गेल्या, पाणी सोळावर असताना. मंडळींचे ते सगळ्यांत सुखाचे दिवस असतात. आदल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, किती? मी म्हटलं, सोळा. "छान आहे," त्या म्हणाल्या आणि कूस बदलली. घरात त्यांच्यामागे मी आणि हे दोघेच. यांनी विचारलं, पेटी कोणाला देऊन टाकायची का? मी म्हटलं, नाही. एवढंच म्हटलं, पण यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

यंदाच्या अक्षय तृतीयेला उदककुंभ वन्संच्या नावाने द्यायचा होता. मी दोन माठ भिजवले, दोन्हीत वाळा घातला, आणि या वेळी कुठला कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. पितरांना पाणी पोचतं म्हणतात. नुसतं पाणी पाहून वन्सं काय म्हणतील, ते मला ऐकू येत होतं.

गुरुजी आता थकलेत. त्यांनी संकल्प सांगितला, वन्संचं नाव घेतलं, माठाला हात लावला आणि थांबले. मग झाकणी जरा उचलून आत डोकावले.

"वहिनी, चुकून तर नाही ना?"

"नाही गुरुजी."

"किती आहेत?"

"दहा."

त्यांनी झाकणी हलकेच परत ठेवली. "बरं केलंत," म्हणाले. "दहाच्या खाली यांचं मन लागत नाही."

मी दारापर्यंत गेले. साडेअकरा वाजले होते, ऊन पांढरं झालं होतं. गुरुजी रिक्षात बसले, माठ मांडीवर घेतला आणि छत्री उघडली. रिक्षा गल्लीच्या वळणाला लागेपर्यंत मी बघत होते. डोक्यावर ऊन घेऊन बसले होते. छत्री त्यांनी माठावर धरली होती.